खवळलेल्या समुद्राचे चित्र



आपला नांदेड-लातूरचा मुलूख समुद्रापासून लांब. आपल्यापैकी पुष्कळांनी समुद्र पाहिलेला नाही. तरी समुद्राचे एक चित्र अनेकांच्या ओळखीचे असेल. राम किनाऱ्यावर उभा आहे. हातात धनुष्य आहे. समोर समुद्र खवळला आहे आणि लाटांतून वरुणदेव वर आला आहे. राजा रविवर्मा यांनी हे चित्र म्हैसूरच्या महाराजांसाठी १९०६ च्या सुमारास काढले. त्याच साली, २ ऑक्टोबर १९०६ ला, ते वारले.

गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. लंकेला जायला वाट हवी होती. रामाने तीन दिवस समुद्राची विनवणी केली. समुद्र ऐकेना. तेव्हा रामाने बाण उचलला.

असे चित्र दिसले की आपले हात आधी जोडले जातात. आज जरा नुसते पाणी बघा. लाट खडकावर कशी आपटते? फेस कुठे उठतो? आभाळ काळवंडले की पाण्याचा रंग कसा बदलतो? देव कुणी पाहिलेला नाही, पण पाणी पाहता येते. रविवर्मा केरळचे. मुंबईतही ते पुष्कळ राहिले. तिथेच १८९४ साली त्यांनी चित्रांचा छापखाना काढला. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या छापखान्यातून देवांची चित्रे साध्या माणसांच्या घरात आली. समुद्र रविवर्म्यांच्या नजरेखालचा होता. म्हणून कथा जुनी असली तरी लाट खरी वाटते.

आता मला सांगा, या चित्रातून राम काढला, वरुण काढला, नुसते पाणी ठेवले, तर त्याला चित्र म्हणाल का?

फ्रान्स देशातल्या गुस्ताव्ह कुर्बे या चित्रकाराने तेच केले. त्याचा जन्म १८१९ चा. गाव ओर्नां, डोंगराळ भागातले. समुद्र आपल्यासारखाच लांब. पहिल्यांदा समुद्र पाहिला तेव्हा त्याचे वय बावीस होते. डोळ्यांना दिसते तेच रंगवायचे, असा त्याचा हट्ट. १८४९ साली त्याने खडी फोडणारे दोन मजूर रंगवले. एक म्हातारा, एक पोरगा. अंगावर फाटके कपडे. पुष्कळ लोक नाराज झाले. एवढे मोठे चित्र राजाचे काढावे, देवाचे काढावे, मजुराचे कशाला, असे त्यांना वाटे.

१८६९ च्या उन्हाळ्यात कुर्बे एत्रता या गावी समुद्रकाठी राहिला. बाहेर वादळ चालू असे. तो खिडकीच्या काचेला तोंड लावून लाटा बघे, आणि परत येऊन सुरीने कापडावर रंग थापी. भिंतीला गिलावा करतात ना, तसा. त्यातून जे चित्र झाले ते १८७० साली पॅरिसच्या प्रदर्शनात लागले. आज ते तिथल्याच ओर्से संग्रहालयात आहे. त्यात जड ढग आहेत, उसळलेले पाणी आहे, आणि काठावर ओढून ठेवलेल्या दोन होड्या आहेत. माणूस एकही नाही.

पण त्या होड्या बघा. त्या पाण्यात नाहीत, काठावर आहेत. म्हणजे कोळी आज दर्यावर गेला नाही. त्याचा धंदा बंद आहे. आपल्याकडे पाऊस उघडत नाही तेव्हा तिफण आखाड्यावर तशीच पडून राहते, तशातली ही गोष्ट. कुर्बेने माणूस काढला नाही, तरी त्याची काळजी चित्रात आली.

हे रंग कशात कालवतात, ठाऊक आहे? जवसाच्या तेलात! आपण ज्याची चटणी करतो तेच जवस. हे तेल हवेने हळूहळू सुकते आणि घट्ट होते. म्हणून सुरीने थापलेला जाड फेस दीडशे वर्षांनंतरही तसाच उभा आहे.

तुम्ही म्हणाल, आम्हाला समुद्र कुठला? पण पाण्याची ओळख आपल्याला कमी नाही. नांदेडकरांनी गोदावरीचा पूर पाहिला आहे. लातूरकरांनी २०१६ साली मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी घागरीत भरले आहे. मांजरा गोदावरीला मिळते, आणि गोदावरी समुद्राला. ओर्नांच्या माणसाने समुद्र बघून बघून ओळखीचा केला. आपले पाणी तर आपल्या दारात आहे.

तेव्हा आजचा अभ्यास असा. उद्या नदीवर, विहिरीवर किंवा नळावर जाल तेव्हा पाणी नीट बघा. त्याचा रंग, त्याचा आवाज, काठावर काय पडले आहे ते बघा. दिसले तेवढेच तीन ओळींत लिहा. पदरचे काही घालू नका. लिहिलेले वर्गात घेऊन या. आपण सगळे मिळून वाचू.