कुत्री अर्धेलीनं घेण्याआधी

शेळ्या आणि कोंबड्यांविषयी आपण या कार्यक्रमात पुष्कळ बोललो. आज बोलू या कुत्र्यांची पिल्लं विकण्याच्या धंद्याविषयी. शहरात जातिवंत पिल्लाला चांगला भाव मिळतो, म्हणून व्यापारी आता खेड्यातल्या बायकांपर्यंत पोचले आहेत.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईंकडे असाच एक व्यापारी आला. म्हणाला, "लॅब्राडोर कुत्री देतो. खाणंपिणं तुमचं, वर्षाला दोन वेतं घ्यायची, पिल्लं महिन्याची झाली की मी नेईन. पैसे निम्मे-निम्मे." म्हणजे शेळी अर्धेलीनं देतात तसंच. त्यानं कागदही आणला होता, पण इंग्रजीत. ताई हुशार. सही करण्याआधी तो कागद त्यांनी गटाच्या बैठकीत आणला.

आम्ही तो वाचून घेतला. कुत्री मेली तर तिची किंमत ताईंनी भरायची, असं त्यात होतं. पिल्लू दगावलं तर नुकसानही ताईंचंच. आणि पिल्लाचा भाव? तो कुठेच लिहिलेला नव्हता! ताईंनी सही केली नाही. आम्ही मात्र दवाखान्यातल्या डॉक्टरांना आणि वकीलताईंना विचारून सगळी माहिती घेतली. तीच आज सांगतो.

कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसाठी केंद्र सरकारचे २०१७ चे नियम आहेत. ते १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केलेले आहेत. विक्रीसाठी पैदास करायची तर राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. तिची फी ५,००० रुपये, मुदत दोन वर्षं. एकटी बाई असो की गट, नियम सगळ्यांना लागू. मधला व्यापारीही त्यात आला. कुत्र्याच्या जातीचा कागद असला तरी नोंदणी चुकत नाही. म्हणून पहिला प्रश्न विचारायचा: "दादा, नोंदणी कोणाच्या नावावर आहे? दाखवा."

आता कुत्रीचं बघू. दीड वर्षाच्या आत तिला नर दाखवायचा नाही, आणि आठ वर्षांनंतरही नाही. वर्षात एकच वेत, आणि जन्मात पाचच. आधी डॉक्टरांकडून ती निरोगी असल्याचा दाखला घ्यायचा. बाळंतपणात बाई किती झिजते हे आपल्याला कोणी सांगायला नको. मुक्या जिवाचंही तेच.

पिल्लू आठ आठवड्यांचं झाल्याशिवाय विकायचं नाही. विकण्याआधी लस आणि मायक्रोचिप हवी. मायक्रोचिप म्हणजे कातडीखाली बसवायचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा, त्यातल्या नंबरावरून कुत्रं ओळखता येतं. महिन्याचं पिल्लू आईवेगळं केलं की अशक्त होतं. त्यात पार्व्होसारखा रोग झाला तर हगवण-उलट्यांनी दोन-चार दिवसांत जातं. मग घेणारा आपल्याच दारात भांडायला येतो.

आता मुख्य मुद्दा. कायद्यानं जे करायला बंदी आहे, ते करण्याचा करार न्यायालयात टिकत नाही. १८७२ च्या करार कायद्यातच तसं आहे. म्हणजे 'वर्षाला दोन वेतं' हे कलम सही केली तरी बांधत नाही. पण बेकायदा पैदास आपल्या अंगणात झाली, तर जबाब आपल्यालाच द्यावा लागतो. "व्यापाऱ्यानं सांगितलं म्हणून केलं" हे चालत नाही.

आणि ज्यांना हा धंदा रीतसर करायचाच आहे, त्यांनी काय करावं? करार मराठीत करा. दोन प्रती, दोन साक्षीदार, एक प्रत आपल्याकडे. त्यात एवढं हवंच:

कुत्री कोणाच्या मालकीची आणि नोंदणी कोणाची. खाणं, लस, औषध यांचा खर्च कोणाचा. कुत्री आजारी पडली किंवा मेली, तर नुकसान कोणाचं. पिल्लाचा भाव किती, पैसे कधी आणि कसे मिळणार. व्यापाऱ्यानं पिल्लं नेली नाहीत तर पुढे काय. करार मोडायचा झाला तर किती दिवस आधी सांगायचं.

पिल्लू थेट विकलं तर पावती द्या. तिच्यावर तारीख, रक्कम, चिपचा नंबर आणि दिलेल्या लशी लिहा. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनी द्यायची असते, तेही घेणाऱ्याला लिहून द्या. आपल्या वहीतही नोंद ठेवा. उद्या वाद झाला तर ती वहीच आपली साक्षीदार.

वकिलाला पैसे कुठून आणायचे, ही काळजी नको. १९८७ च्या कायद्यानं बाईला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे, तिचं उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. १५१०० या नंबरावर फोनही करता येतो. नोंदणीविषयी आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.

कोणी कागद घेऊन दारात आलं आणि "आत्ताच सही करा" म्हणालं, तर त्याला पाणी द्या, चहा द्या, आणि सांगा, "कागद ठेवून जा, गटात वाचून कळवतो." ज्याचा व्यवहार सरळ आहे, तो आठ दिवस थांबतो.