कान देऊन ऐकायचा सिनेमा: ‘व्हिस्पर ऑफ द हार्ट’

आजचा भाग हेडफोन लावून ऐकत असाल तर उत्तमच. कारण आजच्या सिनेमाच्या जपानी नावाचा अर्थच आहे, ‘कान देऊन ऐकलं तर’. मूळ नाव ‘मिमी वो सुमासेबा’, इंग्रजीत ‘व्हिस्पर ऑफ द हार्ट’. स्टुडिओ जिब्लीचा, १९९५ सालचा अ‍ॅनिमेशनपट. आओई हिइरागी यांच्या मांगावरून हायाओ मियाझाकींनी पटकथा लिहिली आणि दिग्दर्शन केलं योशिफुमी कोन्दो यांनी.

आधीच सांगतो, यात खलनायक नाही, पळून जाणं नाही, मारामारी तर नाहीच. टोकियोच्या पश्चिमेला टेकड्यांवर वसलेलं एक उपनगर. तिथल्या एका छोट्याशा फ्लॅटमध्ये राहणारी शिझुकु. घरभर पुस्तकं, वडील लायब्ररीत कामाला, आई या वयात पुन्हा कॉलेजात शिकतेय. शिझुकुचं शाळेतलं शेवटचं वर्ष, पुढे हायस्कूलची प्रवेश परीक्षा. म्हणजे आपलं दहावीचं वर्ष आठवा, तोच ताण. आणि ही बाई मात्र सुट्टीभर गोष्टीची पुस्तकं वाचत बसलीय.

एक दिवस तिच्या लक्षात येतं, की आपण आणलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या कार्डावर आपल्या आधी एकच नाव आहे: सेइजी अमासावा. कोण असेल हा? आज आपण एखाद्याचं प्रोफाइल दोन मिनिटांत उघडून बघतो. इथे फक्त एक नाव, आणि त्याने काय काय वाचलंय एवढंच. गंमत म्हणजे सिनेमाच्या सुरुवातीलाच वडील सांगतात, की लायब्ररीत आता बारकोड येणार. म्हणजे ही कार्डंसुद्धा जायच्या वाटेवर आहेत.

आता थोडं स्पॉयलर. हा सेइजी तिच्याच वयाचा, तिच्याच शाळेतला. त्याला व्हायोलिन बनवणारा कारागीर व्हायचंय आणि त्यासाठी तो इटलीतल्या क्रेमोना गावी दोन महिने शिकून बघायला निघालाय. शिझुकुला तो आवडतो. पण त्याच वेळी तिला आतून काहीतरी टोचतं. याला कळलंय काय करायचंय, आणि मी? मला तर काहीच माहीत नाही!

मला वाटतं, सिनेमाचा खरा जीव इथे आहे. आपल्या वयाचं कोणीतरी पुढे गेलेलं दिसतं, तेव्हा पोटात जो खड्डा पडतो, तो आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. रोज मोबाइल उघडला की पडतो. शिझुकु रुसत नाही, त्याला थांबवत नाही. ती ठरवते, हा परत येईपर्यंत मी एक गोष्ट लिहून पूर्ण करणार.

आणि मग मार्क घसरतात. घरात बोलणी होतात. मोठी बहीण चिडते. वडील मात्र तिचं ऐकून घेतात. करायचं तर कर म्हणतात, पण एक सांगतात: चारचौघांपेक्षा वेगळं वागणं अवघड असतं, कारण काही बिघडलं तर दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही. सूट देताना इतकं खरं बोलणारे वडील पडद्यावर फार कमी दिसतात.

गोष्ट पूर्ण होते. पहिला वाचक सेइजीचे आजोबा, जुन्या वस्तूंचं दुकान चालवणारे. ते वाचतात तोवर ती थंडीत बाहेर थांबते. ते काही ‘वा, काय लिहिलंस’ असं म्हणत नाहीत. ओबडधोबड आहे, अपुरी आहे, पण खरी आहे, असं सांगतात. आधी त्यांनी तिला एक दगड दाखवलेला असतो, आत हिरवे स्फटिक असलेला. तसाच तुझ्यातलाही दगड आता कुठे फोडून काढलाय, पैलू पाडायला वेळ लागेल, असं ते सांगतात. ती रडते. मग ते तिला गरमागरम उदोन खाऊ घालतात.

म्हणून मला ही प्रेमकथा पटते. इथे प्रेम म्हणजे एकमेकांकडे बघत बसणं नाही. त्याचं काम बघून तिला स्वतःचं काम सुचतं, एवढंच. शेवट काहींना घाईचा वाटतो. तो मी सांगत नाही, तुम्हीच ठरवा.

कोन्दो यांनी दिग्दर्शित केलेला हा एकमेव चित्रपट. १९९८ मध्ये वयाच्या अवघ्या ४७ व्या वर्षी ते गेले. हे माहीत असलं की ‘पैलू पाडायला वेळ लागेल’ हे वाक्य जरा वेगळं ऐकू येतं.

बघताना एवढं करा: डबिंग नको, जपानी आवाज आणि सबटायटल्स ठेवा. फोन लांब ठेवा. तळघरात सेइजी व्हायोलिन वाजवतो, ती लाजत लाजत गाते आणि म्हातारे वादक एकेक करून सामील होतात, तो प्रसंग तरी मोठ्या आवाजात ऐका.

आणि बघून झाल्यावर मला कळवा: तुमचा तो दगड कोणता, आणि तो फोडायला तुम्ही कशाची वाट बघताय? भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!