सत्रान्ताची शिदोरी



उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधून झाले की सत्र संपले, असे कार्यालय समजते. शिक्षकाचे सत्र तेव्हाही संपत नाही. कोणता धडा विद्यार्थ्यांच्या मनात उतरला आणि कोणता फळ्यावरच राहिला, हा हिशेब बाकी असतो. तो एकट्याने मांडला की खंत उरते. सहकाऱ्यांसह मांडला की वाट सापडते.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणतज्ज्ञ एकत्र बसले आणि हस्तोद्योगातून शिक्षण देणारी नयी तालीम आकाराला आली. भद्रावतीत तिचे साहित्य दारातच आहे. विजासनची लेणी इतिहासाच्या तासाची वाट पाहत आहेत. येथील कुंभारकामाच्या एका मडक्यात भूगोलाची माती, रसायनशास्त्राची भट्टी आणि अर्थशास्त्राचा बाजार सामावलेला आहे. परंतु या तीन विषयांचे प्राध्यापक एकमेकांशी बोललेच नाहीत, तर ते मडके विद्यार्थ्याला कोण दाखविणार?

चंद्रपूर-गडचिरोलीसाठी २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. घरी गोंडी वा माडिया बोलणारा, घराण्यातील पहिला पदवीधर होऊ पाहणारा मुलगा वर्गात शेवटच्या बाकावर गप्प बसतो. ते मौन एका शिक्षकाला आळस वाटते. दुसऱ्याला त्यामागचे कारण ठाऊक असते. ते कारण पहिल्यापर्यंत पोहोचले नाही, तर पुढच्या सत्रात तो बाक रिकामा दिसतो.

म्हणून सत्रान्ताच्या बैठकीत प्रत्येकाने साधलेला एक प्रयोग आणि फसलेला एक तास, दोन्ही सांगावेत. फसलेले सांगण्यास परस्परांचा स्नेह लागतो. पुढील सत्राची खरी शिदोरी तीच!