हाय खाल्ली म्हणजे काय?
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



भाषणाची मला सवय नाही. मंडळात माझे काम हिशेबाच्या वहीपुरते. पण "तुमच्या दुखण्याचे तुम्हीच सांगा," असा चिटणीसबाईंनी आग्रह धरला, म्हणून उभी राहिले आहे.

दोन वर्षांमागे, तुकोबांची पालखी यवतहून पुढे गेली त्याच आठवड्यात, आमचे हे गेले. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेले होते. चौदाव्या दिवशी सगळे आपापल्या गावी गेले आणि माझ्याजवळ सोसायटीच्या कर्जाचे कागद, गुऱ्हाळाकडची येणी आणि नववीतला मुलगा एवढे उरले. त्या रात्री छातीत डावीकडे पहिली कळ आली.

मी कोणाला सांगितले नाही. लोक म्हणतील, नवऱ्यामागे हिचे नवे सुरू झाले! रोज रात्री छातीवर हात ठेवून ठोके मोजत पडायची. मुलाचे कसे होईल या विचाराने जीव घाबरा व्हायचा. आणि खरे सांगते, एखाद्या रात्री असेही वाटे की होऊन जाऊ दे एकदाचे.

भीतीला कारण होते. माझे वडील गेल्यावर आठ महिन्यांत आई गेली. पाठ भरून आली, जबडा दुखू लागला, उलटी झाली, दरदरून घाम सुटला. पित्त म्हणून सोडा पाजला. पहाटे ती गेली. भावकीत सगळे म्हणाले, "हाय खाल्ली बिचारीने." छातीत दुखते असे ती एकदाही म्हणाली नाही, म्हणून काळजाची शंका कोणालाच आली नाही. बायकांच्या हृदयविकारात पुष्कळदा असेच होते, हे मला फार उशिरा कळले.

माझे दुखणे ओळखले ते थोरल्या जाऊबाईंनी. भाकरी थापता थापता मी मध्येच थांबून छाती दाबली, ते त्यांनी पाहिले. त्या काही बोलल्या नाहीत. पुतण्याला हाक मारली, "गाडी काढ," एवढेच म्हणाल्या, आणि माझ्या पिठाच्या हातांनिशी मला यवतला नेले.

तिथे हृदयाची पट्टी काढली. रक्त घेतले, काही तासांनी पुन्हा घेतले. दोन्ही वेळा ठीक निघाले. रक्तदाब तेवढा वाढलेला होता. मग डॉक्टरांनी विचारले, "घरात कोणी गेले का?" तीन आठवड्यांत पहिल्यांदा मी मोठ्याने रडले.

त्यांनी समजावले ते माझ्या भाषेत सांगते. दुःखाने, धसक्याने श्वास उथळ होतो, छातीचे स्नायू आवळून राहतात, उपाशीपोटी चहा ढोसल्याने आम्ल वर येते. या सगळ्याने खरोखरीच दुखते. मनाचे खेळ म्हणून ते खोटे नसते. पण दुःखाने प्रत्यक्ष हृदयही बिघडू शकते. जपानातल्या डॉक्टरांनी १९९० साली अशा एका विकाराचे वर्णन केले. मोठ्या धक्क्यानंतर हृदयाचा डावा कप्पा फुगतो आणि अरुंद गळ्याच्या, गोल बुडाच्या मडक्यासारखा दिसतो. तिकडे ऑक्टोपस धरायला तसले मडके वापरतात, त्याला ताकोत्सुबो म्हणतात. तेच नाव या दुखण्याला पडले. पाळी गेलेल्या बायकांत ते जास्त आढळते. बहुतेकींचे हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होते, थोड्या दगावतातही. म्हणजे हाय खाल्ली असे आपल्या आज्या म्हणत, ते अगदीच वेडगळ नव्हते! चूक एवढीच की हाय म्हटले की पुढे काही करायचे उरत नसे. हे दुखणे आणि रक्तवाहिनी तुंबून आलेला झटका सुरुवातीला इतके सारखे दिसतात की डॉक्टरांनाही तपासल्यावाचून सांगता येत नाही. मग चुलीपाशी बसून आपण कुठल्या ज्ञानावर ठरवतो?

पट्टी ठीक आली म्हणून कळ थांबली नाही, हेही सांगितले पाहिजे. घरचे म्हणाले, "काही निघाले नाही ना, मग झाले." ते ऐकून मला आणखी एकटे वाटले. जाऊबाई मात्र रोज संध्याकाळी मला नदीकडे फिरायला नेऊ लागल्या. दोन वेळा जेवायला समोर बसवीत. आणि मंडळाच्या कपाटातले रमाबाई रानड्यांचे आठवणींचे पुस्तक मी तेव्हा वाचले. न्यायमूर्ती १६ जानेवारी १९०१ रोजी हृदयाच्याच विकाराने गेले. त्यांच्याबरोबरच्या संसाराविषयी बाईंनी १९१० साली सगळे लिहून काढले. त्याच्या आदल्या वर्षी पुण्यात सेवासदन उभे राहिले होते. तोवर आमच्या घरात यांचे नाव काढायचे नाही असाच रिवाज पडला होता. मी मुलाजवळ यांच्याविषयी बोलू लागले. त्याला मोटार चालवताना शिव्या देणारे वडील आठवत होते, मला ते आठवून हसू आले. कळ हळूहळू विरळ झाली. अजून एखादे वेळी येते. रक्तदाबाची गोळी चालू आहे.

१०८ ची गाडी आपल्या राज्यात २०१४ पासून आहे, पैसे पडत नाहीत. तो आकडा मंडळाच्या भिंतीवर लिहिला आहे. पण गाडी येईपर्यंत वेळ लागला तर रात्री कोणाची जीप मिळेल, ती नावे खाली लिहायची राहिली आहेत. खडू मी आणला आहे. चहा झाला की ज्यांच्या दारात गाडी आहे त्यांनी नाव सांगावे. आमच्या पुतण्याचे पहिले लिहिते.