धोकटीबाहेर राहिलेली माती



बारा बलुतेदारांत कुंभारही होता आणि न्हावीही होता. दोघांचं बलुतं एकाच खळ्यावर मोजलं जायचं. गावातल्या जवळजवळ प्रत्येक घरात कुंभाराची वस्तू असायची: माठ, पणती, संक्रांतीची सुगडं, लग्नातली बोळकी. न्हाव्याच्या धोकटीत मात्र कुंभाराचं काहीच नव्हतं. वस्तरा, कातर, नराणी, चिमटा, आरसा, चामड्याचा पट्टा आणि पाण्याची एक वाटी, आणि ती वाटीसुद्धा धातूची. सेना न्हाव्याची कथा आपल्याला ठाऊक आहे. महिपतींच्या भक्तविजयात ती आहे. सेना पूजेत गुंतलेला असताना विठ्ठल त्याचं रूप घेऊन राजाकडे गेला आणि राजाला तेलाच्या वाटीत देवाचं रूप दिसलं. गोरोबाकाका तेरचे कुंभार, हातात थापटणं घेऊन संतांची मडकी तपासणारे. संतांच्या मेळ्यात दोन्ही व्यवसाय मानानं शेजारी बसले. पण व्यवसायाच्या पिशवीत माती काही शिरली नाही.

का शिरली नाही, हा माझा आजचा विषय आहे. मी बदलापूरला चाकावर काम करते आणि दाढीच्या साबणाचा फेस करायची वाटी घडवते. मी स्वतः दाढी करत नाही, त्यामुळे या वाटीबद्दलची प्रत्येक गोष्ट मला करणाऱ्याला विचारून, त्याच्याशेजारी उभं राहून शिकावी लागली.

पहिलं कारण सरळ आहे. न्हावी पायी फिरायचा, पारावर, ओसरीवर, वाड्यात. धोकटी आपटायची, पितळेला फार तर पोचा पडायचा, माती फुटली असती. दुसरं कारण मातीच्या पोटातलं आहे. आपला कुंभार आव्यात माती भाजतो तेव्हा उष्णता साधारण आठशे-नऊशे अंशांपर्यंत जाते. एवढ्या आचेवर माती पक्की होते, पण तिची छिद्रं मिटत नाहीत. त्या छिद्रांतून पाणी झिरपतं, बाहेर येऊन उडून जातं, म्हणूनच माठ गार राहतो. उन्हाळ्यात आपण ज्या गुणाला दुवा देतो तोच गुण दाढीच्या वाटीत घातक. साबणाचं पाणी भिंतीत मुरतं, आंबतं, वास मारतं. आणि तिसरं कारण आपल्या शुद्धाशुद्धतेच्या कल्पनांतलं. धातूचं भांडं राखेनं घासलं की शुद्ध झालं. मातीचं विटाळलं की फोडायचं. अनेकांच्या तोंडाला लागणारी वस्तू मातीची असणं शक्यच नव्हतं.

या तिन्ही कारणांतलं मधलं कारण सुटलं की तिसरं आपोआप सैल होतं, असं माझं मत आहे. युरोपात ते सुटलं. तिथे सतराव्या-अठराव्या शतकांत न्हाव्याची परात पांढऱ्या काचलेपाच्या मातीची होऊ लागली. तिच्या काठाला अर्धचंद्राकार खाच असायची, गिऱ्हाइकानं ती गळ्याला लावून धरायची, म्हणजे पाणी कपड्यांवर सांडायचं नाही. पितळेची परात होतीच. १६०५ साली आलेल्या सर्व्हांतेसच्या कादंबरीत डॉन किहोते न्हाव्याची पितळी परात सोन्याचं शिरस्त्राण समजून डोक्यावर घालतो. पण मातीची परात तिच्या जोडीला येऊ शकली ती काचेमुळे. पुढे अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात न्हाव्याच्या दुकानात फळ्यांवर चिनीमातीचे मग ओळीनं लागले. नेहमीच्या गिऱ्हाइकाचा आपला मग, त्यावर सोनेरी अक्षरांत नाव, कधी व्यवसायाचं चित्र: लोहाराची ऐरण, रेल्वेवाल्याचं इंजिन. १९०१ साली जिलेटची कंपनी निघाली, पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना सुरक्षित रेझर वाटले गेले, माणसं घरी दाढी करू लागली आणि त्या फळ्या हळूहळू रिकाम्या झाल्या.

आता आपल्या भागाकडे येऊ. मातीवर काच चढवण्याची कला महाराष्ट्रातल्या गावकुंभाराच्या हाताची नव्हती. ती सिंधमध्ये होती. हाला आणि नसरपूरच्या निळ्या-पांढऱ्या काशीकामाच्या फरश्या मशिदींवर, दर्ग्यांवर लागल्या. १८७०च्या दशकात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत जॉर्ज टेरी यांनी मातीकामाचा विभाग उभा केला तेव्हा आधार घेतला तो सिंधी भांड्यांचा आणि अजिंठ्याच्या नक्षीचा. तेव्हा सिंध मुंबई इलाख्यातच होता, १९३६ साली वेगळा झाला. फाळणीनंतर सिंधमधली हजारो कुटुंबं कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव दिलं. आजही आपण कॅम्प एक, कॅम्प चार असंच म्हणतो. ज्या प्रदेशातून मुंबईच्या मातीला काच मिळाली त्याच प्रदेशातली माणसं उल्हास नदीकाठी राहायला आली, हे मला काम करताना फार वेळा आठवतं.

माती मात्र इथली वेगळी आहे, आणि तिच्याशी जुळवून घेणं हे माझं खरं काम. अंबरनाथचं शिवालय शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चं. शिलाहार राजा मम्मुणीच्या काळातलं. ते ज्या काळ्या दगडात बांधलंय त्याच बेसाल्टची झीज होऊन आपल्या खोऱ्यातली माती तयार झाली आहे. ती चिकट आहे, पाण्यानं फुगते, वाळताना तडकते. म्हणून जुने कुंभार तिच्यात नदीची पोयट्याची माती, राख, घोड्याची लीद मिसळत. लीद जळून गेली की मागे बारीक पोकळ्या राहतात आणि मडकं आचेचा धक्का सोसतं. माठाला हे उत्तम, माझ्या वाटीला नाही. माझ्या वाटीला छिद्रं मिटलेली हवीत, म्हणून ती बाराशे अंशांच्या पुढे भाजावी लागते, आणि नुसती स्थानिक माती एवढी आच सोसत नाही, ती बसते, वितळायला लागते. त्यामुळे वाटीच्या अंगाला बाहेरून आणलेली, एवढी आच सोसणारी दगडीमाती असते. इथल्या दगडाला मी काचेत जागा दिली.

हे जरा सविस्तर सांगते, कारण या कामातला सगळ्यात आनंदाचा भाग हाच आहे. आपल्याकडे खडी फोडणाऱ्या क्रशरखाली जी बारीक पूड साचते, तिला आपण कच म्हणतो. बांधकामावर ती रेतीऐवजी जाते. ती म्हणजे निव्वळ दळलेला बेसाल्ट. बेसाल्ट साधारण बाराशे अंशांच्या आसपास वितळतो, आणि त्यातल्या लोखंडामुळे त्याची काच होते ती काळपट तपकिरी, मधूनच लालसर झाक मारणारी. ही कच बारीक चाळणीतून काढायची, तिच्यात भाताच्या तुसाची राख मिसळायची. मुरबाड-कर्जतच्या गिरण्यांवर तूस मिळतं, आणि त्याच्या राखेत नव्वद टक्क्यांच्या आसपास सिलिका असते. थोडी पांढरी चिनीमाती आणि वितळायला मदत करणारं फेल्स्पार घातलं की लेप तयार. शिसं अजिबात नाही. ओठाजवळ, गालाजवळ जाणाऱ्या भांड्यात शिशाचा लेप वापरणं हा गुन्हा समजावा.

काळ्या रंगाचं कारण सौंदर्य नाही. पांढऱ्या वाटीत पांढरा फेस कळत नाही. काळ्या वाटीत तो किती दाट झाला, अजून पाणी हवं का, मोठे बुडबुडे राहिले का, हे चष्मा न लावलेल्या माणसालाही दिसतं. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांना तर हे जास्त उपयोगी, कारण जड पाण्यात साबणाचा साका होतो आणि फेस चढायला वेळ लागतो. तेच काम उल्हासच्या नळाच्या पाण्यात पटकन होतं.

आता आकार. फेस म्हणजे साबण, पाणी आणि हवा. ब्रश फिरतो तेव्हा हवा आत ओढली जाते आणि मोठे बुडबुडे फुटून बारीक होतात. ते फुटायला आतल्या तळाशी कंगोरे लागतात. चाकावर बोट टेकवून तळापासून वर वळसा काढला की कंगोरे आपोआप उमटतात, पण लेप वितळताना खाचांत उतरतो आणि त्या भरून टाकतो. म्हणून खाच दिसायला हवी त्याहून खोल काढायची. आणि कंगोऱ्याचा माथा ओल्या स्पंजनं मोडायचा, नाहीतर ब्रशचे केस टोकाला फुटतात. तळ आणि भिंत यांच्यात कोपरा राहता कामा नये, तिथे साबण बसतो. काठ आत किंचित वळवायचा, म्हणजे फेस बाहेर उडत नाही, पण फार वळवला तर ब्रशची मूठ आपटते. नेहमीच्या ब्रशचा झुबका २० ते २६ मिलिमीटर जाडीचा असतो आणि दाबल्यावर दुपटीहून जास्त पसरतो. त्याला मोकळं फिरायला आतला व्यास ११ सेंटिमीटरच्या आसपास हवा. दगडीमाती ओली असल्यापासून भाजून निघेपर्यंत बारा टक्क्यांच्या आसपास आक्रसते. म्हणजे चाकावर १३ सेंटिमीटर मापायचं, तेव्हा शेवटी साडेअकरा हाती येतं.

एवढं सगळं जमवून मी वाटी घेऊन कॅम्प चारमधल्या एका दुकानात गेले. तिथले काका अनेक वर्षं त्याच खुर्चीमागे उभे आहेत. त्यांनी वाटी हातात घेतली, बोटाच्या पेरानं टकटक वाजवली, खणखणीत आवाज ऐकून मान हलवली. मग गरम पाण्यात बुडवली, साबण घासला, ब्रश फिरवला. फेस छान आला. आणि मग माझ्याकडे वाटी देत म्हणाले, “देखणी आहे ताई, पण साबणाच्या हातानं धरून बघा.” मी धरली आणि ती तळहातातून सरकली. त्यांनी खालून झेलली. मग त्यांनी मला त्यांच्या हाताची ठेवण दाखवली: वाटी डाव्या तळव्यावर, चार बोटं खाली, अंगठा काठावर, आणि उजवा हात गिऱ्हाइकाच्या गालाशी. “बोटाला खाली अडकायला जागा द्या, आणि बाहेरून एवढी काच कशाला?”

त्या दोन वाक्यांनी वाटीचा खालचा अर्धा भाग बदलला. आता पाया उंच आहे, त्याच्या वर बोट शिरेल अशी खोबण आहे, आणि बाहेरून खालचा पट्टा बिनलेपाचा, मातीचा खरखरीतपणा तसाच ठेवलेला. पुरेशा आचेवर भाजल्यामुळे तो पट्टा पाणी पीत नाही. काठावर अंगठ्यापुरता उतार आहे. काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली. दुकानात एकामागून एक गिऱ्हाइकं येतात, प्रत्येकामागे वाटी धुवायची, निर्जंतुक करायची. खोल कंगोऱ्यात साबण अडकतो. म्हणून दुकानासाठी मी आतून जवळजवळ गुळगुळीत वाटी करते आणि कंगोऱ्यांची घरासाठी. ही गोष्ट कुठल्याही पुस्तकातून मला मिळाली नसती.

गरमपणाचं सांगायचं राहिलं. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात आणि अमेरिकेतल्या मेनमध्ये आजचे कुंभार दुहेरी भिंतीची वाटी करतात. बाहेरच्या पोटात गरम पाणी ओतायचं, आतल्या वाटीत फेस, आणि दाढी संपेपर्यंत फेस कोमट. फार सुंदर कल्पना आहे. करायला अवघड, कारण दोन भिंतींमधल्या हवेला वाट ठेवली नाही तर भट्टीत भांडं फुटतं. पाणी ओतायचं तोंडच ती वाट होते. पण बदलापुरात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. हिवाळ्याच्या काही पहाटा मुंबईपेक्षा बऱ्याच गार असतात, एवढंच. तेवढ्यासाठी दुहेरी भिंतीचं ओझं कशाला? आपल्याला जाड भिंतीची एकेरी वाटी पुरते. ती दोन मिनिटं गरम पाण्यात ठेवली की दगडीमाती ती ऊब धरून ठेवते. स्टीलची वाटी तेवढ्याच वेळात गार पडते, कारण धातू उष्णता कितीतरी वेगानं बाहेर टाकतो. बाहेरच्या कुंभारांकडून कारागिरी शिकावी, मोजमाप आपल्या हवेचं घ्यावं, यावर मी ठाम आहे.

आणि हवा म्हटली की पावसाळा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे वाटी वाळत नाही. बाहेरून कोरडी दिसते, पायाच्या जाड भागात ओल राहते, आणि तशीच भट्टीत घातली तर ती वाफ पाया उडवते. म्हणून पावसाळ्यात वाटी उलटी ठेवून, पायाला वारा लागेल अशी, गालाला गार लागेनाशी होईपर्यंत थांबायचं. गार लागली की अजून ओली आहे. आपले गावकुंभार पावसाळ्यात आवा बंद ठेवत, त्यामागे हाच शहाणपणा होता.

एक मागणं आहे, आणि ते मी गंभीरपणे करते. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या आपल्या तिन्ही शहरांत केशकर्तनालयं आहेत, त्यांत प्लॅस्टिकचे पेले आहेत, ट्यूबमधलं क्रीम आहे. उस्तऱ्यात आता प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं पातं लागतं, हे फार चांगलं झालं. वाटीचा प्रश्न अजून कुणी नीट हाताळलेला नाही. कुंभारांची मुलं मातीकाम सोडताहेत, कारण पणत्या आणि सुगडांचा हंगाम वर्षाचे चार दिवस. दाढीची वाटी ही रोज वापरायची, वर्षभर खपणारी वस्तू आहे. दुकानदार आणि कुंभार एका बाकावर बसले तर तिचा पुढचा आकार मी एकटीनं काढलेल्या आकारापेक्षा बरा निघेल.

सभागृहाबाहेर टेबलावर दोन्ही प्रकारच्या वाट्या ठेवल्या आहेत. बादलीत गरम पाणी आहे, साबण आहे, ब्रश आहेत. दुकान चालवणारे बरेच बंधू आज इथे आलेत, ते मला दिसताहेत. हात आधी साबणानं ओले करा, मगच वाटी उचला, आणि कुठे सरकते, कुठे बोट अडतं, ते मला तिथेच सांगा.