शिक्र्याची नखे

शिक्रा हा आपल्या शेजारचाच पक्षी; आकाराने कबुतराएवढा. तरी तो दिसताच चिमण्या नि खारी ओरडून सारी आमराई जागी करतात. ही भीती अनाठायी नाही. आखूड, गोलसर पंख आणि लांब शेपूट यांच्या बळावर तो दाट फांद्यांतूनही सफाईने वळतो. पानांआड दबा धरून बसतो आणि एकाएकी झडप घालतो. ससाणा चोचीने भक्ष्याची मान मोडतो. शिक्रा नखांनीच आवळून जीव घेतो.

एवढ्यावरून आपण त्याला क्रूर ठरवून मोकळे होतो. पण त्याची नखे पोटापुरतीच चालतात. आपले काय? १९६७ साली रॅटक्लिफ यांनी दाखवून दिले, की ब्रिटनमध्ये १९४७च्या सुमारापासून बहिरी ससाण्याच्या आणि शिक्र्याच्याच जातभाईच्या अंड्यांची कवचे पातळ होत गेली होती. कारण पुढे ठरले, ते डीडीटी! पिकावरचे विष किड्यांतून पाखरांत आणि पाखरांतून शिकाऱ्यात साठत गेले; उबवणाऱ्या आईखालीच अंडी फुटू लागली. भारतात शेतीसाठी डीडीटी वापरण्यावर १९८९ साली बंदी आली. फवारणी मात्र थांबलेली नाही. तेव्हा शिक्र्यावर दगड उचलण्यापूर्वी आपण आपल्या हातातल्या पंपाकडे एकदा पाहावे, एवढेच आमचे सांगणे आहे.