चौसष्ट घरांतून संगणकाकडे
(हीरकमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



मराठी माध्यमाच्या शाळेने साठ वर्षे पूर्ण करणे ही सामान्य गोष्ट नव्हे. फळा, खडू, पाढे आणि शुद्धलेखन यांवर उभ्या राहिलेल्या या वास्तूत आज संगणक आणि कृत्रिम बुद्धिमत्ता हा विषय मांडला जात आहे, त्यामागे घराघरांत विचारला जाणारा एक प्रश्न आहे. जे काम यंत्र माणसाहून चांगले करू लागले, ते शिकण्यात मुलाने आपली उमेदीची वर्षे का घालवावीत? हिशेब यंत्र करते, भाषांतर यंत्र करते, चित्रही यंत्र काढते. मग अभ्यास कशासाठी?

हा प्रश्न बुद्धिबळाच्या जगाला इतरांच्या कितीतरी आधी पडला. त्यामुळे त्याचे उत्तर शोधायचे तर पटाकडेच वळणे सोयीचे. दिल्लीत वाढलेल्या एका खेळाडूची वाटचाल या दृष्टीने फार उद्बोधक आहे.

परिमार्जन नेगी यांचा जन्म ९ फेब्रुवारी १९९३ चा. १ जुलै २००६ रोजी, वयाच्या तेरा वर्षे, चार महिने आणि बावीस दिवसांच्या टप्प्यावर, हा दिल्लीचा शाळकरी मुलगा ग्रँडमास्टर झाला. त्या वेळेपर्यंतच्या इतिहासात त्याच्याहून लहान वयात हा किताब केवळ एकाने, सर्गेई कार्याकिनने, मिळवला होता. पुढे २०१० साली अर्जुन पुरस्कार आणि २०१२ साली आशियाई अजिंक्यपद नेगी यांच्याकडे आले. २०१४ साली नॉर्वेतील ट्रोम्सो येथील ऑलिंपियाडमध्ये ज्या भारतीय संघाने कांस्यपदक जिंकले, त्या संघात ते होते.

परंतु ज्या २००६ सालाने या मुलाला ग्रँडमास्टर केले, त्याच सालाच्या अखेरीस जर्मनीतील बॉन शहरात विश्वविजेता व्लादिमीर क्रामनिक ‘डीप फ्रिट्झ’ नावाच्या प्रोग्रामशी सहा डाव खेळला आणि २–४ असा हरला. दुसऱ्या डावात तर एका चालीत होणारी मात त्याच्या नजरेतून निसटली. एकीकडे एक मूल शिखराच्या पायरीवर पाऊल ठेवत होते आणि दुसरीकडे त्या शिखरावर यंत्र जाऊन बसले होते. अभ्यासाचे प्रयोजन काय, हा प्रश्न याहून तीव्रपणे कोणासमोर उभा राहिला असेल?

नेगी पुढे अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले आणि त्यानंतर एमआयटी या संस्थेत संगणकशास्त्राच्या संशोधनाकडे वळले. त्यांच्या मनात काय होते, याचा तर्क करण्याचे कारण नाही. मात्र पटावरचा विचार आणि संगणकाचा विचार यांत किती जवळचे नाते आहे, हे समजून घेण्यासारखे आहे.

यंत्र बुद्धिबळ कसे खेळते? १९५० साली क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने याचा आराखडा एका निबंधात मांडला. एखाद्या सर्वसाधारण स्थितीत सुमारे तीस चाली शक्य असतात. प्रतिस्पर्ध्याची प्रत्येकाला तीस उत्तरे धरली, तर दोघांच्या एकेका चालीनंतर जवळजवळ हजार शक्यता होतात. चाळीस चालींचा डाव धरला, तर शॅननच्या हिशेबाने ही संख्या एकावर एकशेवीस शून्ये इतकी होते. सगळे डाव तपासून पाहणे कोणत्याही यंत्राला कधीही शक्य नाही.

मग यंत्राने काय करावे? काही चाली पुढे पाहावे आणि तिथे थांबून त्या स्थितीला गुण द्यावेत. शॅननने वजिराला नऊ, हत्तीला पाच, उंट आणि घोड्याला तीन-तीन आणि प्याद्याला एक असे मोल दिले. आपली चाल असेल तेव्हा सर्वाधिक गुणांची वाट निवडायची. प्रतिस्पर्ध्याची असेल तेव्हा तो आपल्याला सर्वांत कमी गुणांत ढकलेल, असे धरून चालायचे. गावातला मुरब्बी बुद्धिबळपटू ‘समोरच्याला मूर्ख समजू नये’ असे सांगतो. यंत्राच्या गणिताचा पायाही तोच आहे.

हे गणित संगणक हाताशी नसतानाही मांडता येते, हे इंग्लंडच्या ॲलन ट्युरिंगने दाखवले. त्याने आणि डेव्हिड चँपरनाऊन याने १९४८ च्या सुमारास खेळाचे नियम कागदावर तयार केले. १९५२ साली ॲलिक ग्लेनी या सहकाऱ्याबरोबर झालेल्या डावात ट्युरिंग स्वतः यंत्राच्या जागी बसला आणि कागदावरील नियमांप्रमाणे प्रत्येक चाल हाताने मोजू लागला. कागदी यंत्र तो डाव हरले. पण प्रोग्राम म्हणजे मुळात नेमका मांडलेला विचार, विजेचे उपकरण त्यानंतर येते, ही गोष्ट त्या डावाने कायमची सिद्ध केली.

यंत्राच्या सामर्थ्याची पुढील कथा थोडक्यात सांगता येईल. मे १९९७ मध्ये आयबीएमच्या ‘डीप ब्लू’ने गॅरी कास्पारोव्हला साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरवले; ते यंत्र सेकंदाला वीस कोटी स्थिती तपासू शकत असे. डिसेंबर २०१७ मध्ये ‘अल्फाझीरो’ची ओळख झाली. त्याला नियमांपलीकडे माणसाचे काहीही शिकवलेले नव्हते. ते स्वतःशीच खेळत शिकले आणि ‘स्टॉकफिश’ या बलाढ्य प्रोग्रामविरुद्धच्या शंभर डावांत अठ्ठावीस जिंकून उरलेले बहात्तर त्याने बरोबरीत सोडवले. स्वतःच्या खेळातून शिकणाऱ्या यंत्राची कल्पना मात्र जुनी आहे. आर्थर सॅम्युएल यांनी चेकर्स या खेळासाठी असा प्रोग्राम लिहून त्यावरील आपला निबंध १९५९ सालीच प्रसिद्ध केला होता.

खेळातील बुद्धिमत्ता म्हणजे केवळ बुद्धिबळ नव्हे. १९८० साली जपानमध्ये आलेल्या ‘पॅक-मॅन’ या खेळात चार भुते खेळाडूचा पाठलाग करतात. लाल भूत सरळ खेळाडूवर चालून येते. गुलाबी भूत तो जिथे पोहोचेल त्या पुढच्या जागेवर डोळा ठेवते. नारिंगी भूत जवळ आले की माघार घेते. प्रत्येकाला एकेक साधा नियम दिलेला आहे, तरी पाहणाऱ्याला चार निराळे स्वभाव दिसतात. आपल्या लोकनाट्यातील ठरावीक पात्रांप्रमाणेच हे आहे.

खेळातील पात्राने अडथळे चुकवून मुक्कामी कसे पोहोचावे, यासाठी आजही वापरली जाणारी ‘ए-स्टार’ ही रीत पीटर हार्ट, निल्स निल्सन आणि बर्ट्रम राफेल यांनी १९६८ साली मांडली. समजा, द्वारकेहून नोएडाला जायचे आहे. प्रत्येक चौकात दोन आकडे पाहायचे: इथवर किती अंतर कापले आणि इथून सरळ रेषेत किती उरले. दोहोंची बेरीज जिथे सर्वांत कमी, ती वाट आधी तपासायची. सरळ रेषेतले अंतर खऱ्या रस्त्याहून कधीच जास्त नसते, म्हणून त्या अंदाजावर विसंबूनही सर्वांत जवळचा रस्ता हातचा जात नाही. चांगला अंदाज शोधाचे कष्ट वाचवतो, हे या रीतीचे सार आहे.

आता नेगी यांच्या संशोधनाकडे येऊ. त्यांनी हात घातलेला प्रश्न वरकरणी रुक्ष वाटतो. पण तो या शाळेच्या कार्यालयात बसूनही समजेल. कोणी विचारले, ‘अमुक वर्षानंतर दहावी उत्तीर्ण झालेले, सध्या दिल्लीत राहणारे आणि संगीतात पारितोषिक मिळवलेले विद्यार्थी कोण?’ तर लेखनिक कोणती वही आधी उघडील? सर्वसाधारण नोंदवहीत हजारो नावे असतात, पारितोषिकांच्या वहीत मोजकी. जाणता लेखनिक पारितोषिकांच्या वहीपासून सुरुवात करतो आणि घटकाभरात काम संपवतो. नवखा थोरल्या वहीला हात घालतो आणि त्याचा दिवस जातो. उत्तर दोघांचेही तेच येते, कष्टांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

बँक, रेल्वे, रुग्णालय यांच्या माहितीसाठ्यांमागे असाच एक अदृश्य लेखनिक काम करीत असतो. कोणत्या टप्प्यावर किती नोंदी हाती लागतील याचा अंदाज बांधून तो कामाचा क्रम ठरवतो. बुद्धिबळपटूप्रमाणे त्यालाही सर्व शक्यता करून पाहता येत नाहीत. प्रत्यक्ष परिणाम दिसण्यापूर्वीच वाट निवडावी लागते आणि अंदाज चुकला की निवडही चुकू शकते. हे अंदाज यंत्राला अनुभवातून शिकवण्याचे प्रयत्न अलीकडे सुरू झाले. नेगी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात एक मार्मिक मुद्दा मांडला: सर्व चुका सारख्या नसतात. एखादा अंदाज पुष्कळ चुकला, तरी निवडलेला क्रम बदलत नसेल तर बिघडत काहीच नाही. दुसरा किंचित चुकला आणि त्यामुळे थोरली वही आधी उघडली गेली, तर मात्र सगळे काम रेंगाळते. म्हणून यंत्राला शिकवताना निर्णय बिघडवणाऱ्या चुकांवर भर द्यावा.

पटावर बसणाऱ्याला हे तत्त्व अनोळखी नसते. एखादे प्यादे गेल्याने डाव जातोच असे नाही. पण एका घराची गफलत मातीपर्यंत नेते. कोणती चूक महत्त्वाची, हे ओळखण्याची दृष्टी पटावर घडते आणि क्षेत्र बदलले तरी ती निरुपयोगी होत नाही.

प्रोग्राम लिहिण्याच्या व्यवसायातही शिस्तीचा असाच धडा आहे. ‘स्टॉकफिश’ हा प्रोग्राम २००८ पासून सर्वांना खुला आहे. त्यात कोणीही सुधारणा सुचवू शकतो. परंतु सुचवणाऱ्याच्या नावाला वा पदवीला तिथे वजन नसते. जगभरातील स्वयंसेवकांनी दिलेल्या संगणकांवर जुनी आणि नवी आवृत्ती हजारो डाव खेळतात आणि नवी सरस ठरली तरच ती स्वीकारली जाते. बहुतेक कल्पना या कसोटीत गळून पडतात. आपली लाडकी कल्पना पुराव्यापुढे सोडून देता येणे, हा उत्तम प्रोग्रामरचा पहिला गुण होय.

‘हे सर्व इंग्रजी शाळांतील मुलांसाठी आहे,’ असे काही पालकांच्या मनात येत असेल. त्यांनी थोडा इतिहास पाहावा. ‘परम’ महासंगणकाच्या प्रकल्पाचे नेतृत्व करणारे विजय भटकर यांचा जन्म अकोला जिल्ह्यातील मुरंबा या खेड्यातला. नागपूर आणि बडोदे येथे शिकून त्यांनी १९७२ साली दिल्लीच्या आयआयटीतून डॉक्टरेट मिळवली. १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि १९९१ साली ‘परम ८०००’ उभा राहिला. त्याच काळात मोहन तांबे यांनी आधी कानपूरच्या आयआयटीत आणि मग सी-डॅकमध्ये भारतीय लिपी संगणकावर आणण्याचे काम केले. त्यातून आकाराला आलेल्या ‘इस्की’ या भारतीय प्रमाणाच्या आधारेच युनिकोडमध्ये देवनागरीची मांडणी झाली. आज पायथन या भाषेत प्रोग्राम लिहिताना राशींना ‘बेरीज’ किंवा ‘गुण’ अशी देवनागरी नावे देता येतात.

इंग्रजी शिकावीच लागेल, याबद्दल दुमत नाही. या क्षेत्रातील बहुतेक लेखन त्या भाषेत आहे. परंतु ‘जर असे असेल तर तसे, नाहीतर निराळे’ ही विचाराची घडी मूल ज्या भाषेत स्वप्न पाहते त्या भाषेत लवकर बसते. देवळालीचे शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी शोधलेला ६१७४ हा अंक घ्या. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी आणि उत्तरावर तीच क्रिया पुन्हा करावी. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते. २००६ घेतले, तर ६२०० मधून ००२६ वजा होऊन पहिल्याच पायरीला उत्तर हाती येते. हीच क्रिया संगणकाला सांगणे हा मराठी शाळेतील मुलाचा पहिला प्रोग्राम ठरू शकतो, आणि तो आपल्याच मातीतल्या एका शिक्षकाचा वारसा आहे.

आता मूळ प्रश्न. यंत्र जिंकल्यावर बुद्धिबळ संपले का? संपले नाही. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे नागपूरच्या एकोणीस वर्षांच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्याबरोबरच ती ग्रँडमास्टर झाली. आज कोणाच्याही खिशातल्या फोनमधील प्रोग्राम जगज्जेत्याला हरवू शकतो. तरी त्या अंतिम सामन्याकडे लोक श्वास रोखून पाहत होते, कारण दोन माणसे तिथे आपली तयारी, धैर्य आणि निर्णयशक्ती पणाला लावत होती. या पिढीचे खेळाडू यंत्राबरोबरच सराव करतात. यंत्र उत्तम चाल दाखवते. ती का उत्तम आहे, हे समजून घेण्याचे कष्ट मात्र खेळाडूलाच घ्यावे लागतात, कारण सामन्याला बसताना यंत्र बाहेर ठेवावे लागते.

विद्यार्थ्याच्या बाबतीतही तसेच आहे. यंत्राकडून आयते उत्तर घेणारा परीक्षेच्या, नोकरीच्या आणि संकटाच्या पटावर एकटाच बसणार आहे. उलट, उत्तराचे कारण शोधणारा विद्यार्थी यंत्राला आपला गुरुबंधू करून घेईल. आयुष्यात क्षेत्र बदलावे लागले, तरी नीट विचार करण्याची सवय त्याच्याबरोबर जाईल. दिल्लीच्या त्या बालग्रँडमास्टरने पटावर जे कमावले, ते पटापुरते उरले नाही.

साठ वर्षे या शाळेने मुलांना पाढे पाठ करायला लावले, तसेच ‘का?’ असे विचारायलाही शिकवले. पहिले काम यंत्राने घेतले तरी हरकत नाही. दुसरे काम शाळेकडेच राहावे आणि ते पुढील साठ वर्षेही याच भाषेतून, याच निष्ठेने होत राहावे, ही हीरकमहोत्सवानिमित्त शुभेच्छा.